ऑइल पेंटमधला डोंगर

“चढ काय, कोनबी चढतंय. उतरून दावा.”

हे वाक्य ते माझ्या क्लिनिकमध्ये बसून कुणालाही ऐकवायचे. समोर कंबर धरून बसलेले निवृत्त मुख्याध्यापक असोत, नाहीतर टाच दुखते म्हणून आलेली कॉलेजची मुलगी. बोलताना उजव्या हाताचा पंजा तिरका धरून हवेतून खाली घसरत न्यायचे, मध्ये दोन ठिकाणी झटकन वळवायचे आणि स्वतःच्या मांडीवर थप्पकन टेकवायचे. त्या हवेत त्यांना कुठलीतरी वाट दिसत असावी. आम्ही सगळे नुसते हाताकडं बघत राहायचो.

कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी त्यांना नक्की पाहिलं असेल. काटकुळे, काळेसावळे, अंगात पांढरी बनियन, खाली खाकी हाफ पँट, पायात कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर काळं प्लास्टिकचं घड्याळ. बाकीचे लोक बांधावरून सरळ फेऱ्या मारायचे. हे मात्र बांधाचा उतार धावत उतरायचे, चालत वर यायचे आणि परत धावत उतरायचे. असं पंधरा-वीस वेळा. नवखा माणूस थांबून विचारायचा, “काय हरवलंय काय हो खाली?”

“न्हाय, न्हाय. चालू द्या तुमचं,” असं म्हणत हे पुन्हा खाली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राजारामपुरीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं होतं आणि उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. धंदा पेंटरचा, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. फ्लेक्स आल्यापासून तो धंदा बसलाच होता. तरी दुकानांची शटरं, देवळांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार अशी कामं त्यांच्याकडं असायची. अक्षर असं काढायचे की वाटावं, हे अक्षर मुळात असंच असायला हवं होतं.

मी गुडघा तपासायला हात पुढं केला, तर ते म्हणाले, “मॅडम, गुडघा ऱ्हाऊ दे. बाहीर पाटीवर ‘फिजिओथेरेपी’ लिवलंय. ‘थे’वर मात्रा दिली ती दिली, ‘र’वर कशाला?”

“फ्लेक्सवाल्यानं तसं छापून दिलं.”

“आन तुमी लावलं?”

चार दिवसांनी सकाळी क्लिनिक उघडायला गेले, तर हे शिडीवर. पत्र्याची नवी पाटी, पांढऱ्यावर निळी अक्षरं, जादा मात्रा गायब. मी खालून ओरडले, “अहो, सुजलेल्या गुडघ्यानं शिडी चढताय?”

“चढतोयच की. पळतोय कुठं?”

ती पाटी अजून आहे.

आमच्या कोल्हापुरात पळणाऱ्यांची आता मोठी गर्दी झाली आहे. पहाटे रंकाळ्यावर जा, कळंब्याला जा, भारी बूट घातलेली मंडळी दिसतील. डोंगरावरच्या शर्यतीही होतात. अशाच एका शर्यतीला पन्हाळ्याच्या बाजूला मी मलम-पट्टीच्या टेबलावर बसायला गेले होते. माझं टेबल वरच्या टोकाला, जिथून धावणारे वळून परत खाली जातात. पहिला आला, दहावा आला, पन्नासावा आला. बऱ्याच उशिरानं हे आले. दोघां-तिघांशी गप्पा मारत, चक्क चालत. मला बघून थांबले, पाणी प्यायले, बुटाच्या नाड्या ओढून बांधल्या. मग घड्याळाचं बटण दाबलं.

त्यानंतर जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. धावताना माणूस पाय टाकतो. हे पाय टाकत नव्हते, सांडत होते. निसरडे दगड, कारवीची झुडपं, पुढं चाललेली माणसं या सगळ्यांमधून ते पाण्यासारखे वाट काढत गेले आणि बघता बघता बनियनचा पांढरा ठिपका झाला. खाली पोचलेल्यांत त्यांचा नंबर विसावा की पंचविसावा होता.

मी जीपनं खाली आले, तेव्हा ते एका दगडावर बसून बूट काढत होते. बाजूला पोरं ढोल वाजवत होती. यांची नजर घड्याळावर.

“अहो, केवढ्या लोकांना मागं टाकलंत!” मी म्हणाले.

“न्हाय,” ते म्हणाले. “अजून जमंना.”

काय जमेना, ते मी विचारलं नाही. शर्यतीतल्या माणसाला पहिल्या नंबराशिवाय दुसरं काय हवं असणार, असं मी धरून चालले. माणसं आपल्याला रोज दिसतात म्हणून ती आपल्याला कळली, असं आपण समजतो. तुमचंही असं होत असेल.

पुढच्या दोन वर्षांत गुडघा बिघडत गेला. एमआरआय काढला. आतली गादी झिजून फाटली होती. चढताना गुडघ्यावर जेवढा भार येतो, त्याच्या कितीतरी जास्त उतरताना येतो, आणि या माणसानं जन्मभर उतरण्याशिवाय काही केलं नव्हतं. मी प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन त्यांना सगळं समजावलं. शेवटी म्हणाले, “आता उतार बंद. चाला, सायकल मारा, चढही चढा हवा तर. पण धावत उतरायचं नाही. कधीच.”

“मग चढून काय उपेग?”

“मी गंमत करत नाहीये.”

ते प्लास्टिकचा गुडघा उलटसुलट करून बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, “मॅडम, एकदाच सोडा. एकच डोंगर हाय, शाहूवाडीकडं. आमच्या गावचा. एकदाच उतरतो, मग तुमी म्हणाल तसं.”

बाहेर सहा पेशंट बसले होते. मी हसत म्हणाले, “एवढी कसली घाई? कोण वाट बघत बसलंय तिथं तुमची?”

 मग तेही हसले.

“न्हाय. आता कोन न्हाय.”

आणि त्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं, हा माणूस चोरून पळेल, आठ दिवसांत पुन्हा सूज घेऊन येईल. तसं काहीच झालं नाही. तलावाच्या बांधावरून ते सगळ्यांसारखे सरळ चालायला लागले. घड्याळही काढून टाकलं. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना मी कौतुकानं सांगायची, की पेशंट असावा तर असा.

पाच-सहा महिन्यांनी ते जुन्या चादरीत गुंडाळलेली एक प्लायवूडची फळी घेऊन आले.

“चित्र हाय. आपलं काम न्हाय ते, आपलं काम अक्षराचं. पर घरी बसून हाताला काय तर पायजे की.”

डोंगर होता. पाट्यांना वापरतात त्याच ऑइल पेंटमध्ये काढलेला. शटरला देतात तो निळा आभाळाला, टपऱ्यांना देतात तो हिरवा डोंगराला. माथ्यावर चार-पाच घरांची वाडी, तिथून नागमोडी खाली येणारी पांढरी वाट, मध्ये ओढा, तळाला वडाचं झाड आणि काळा डांबरी रस्ता. सावल्या चुकल्या होत्या, झाड घरांपेक्षा मोठं झालं होतं. पण वाट मात्र इतकी नेमकी होती, की तिच्यावरून बोट फिरवावंसं वाटायचं.

“छान आहे हो,” मी म्हणाले. पेशंटच्या मुलानं काढलेल्या चित्राला म्हणतात तसं. व्यायामाच्या खोलीत, आखडलेला खांदा सुटावा म्हणून ओढायच्या कप्पीच्या दोरीसमोरच्या भिंतीवर मी ते टांगलं. ओढ्यापाशी लाल रंगाचा एक ठिपका होता. ब्रश झटकताना उडाला असेल, असं समजून मी तो नखानं खरवडायला गेले.

“ऱ्हाऊ द्या, मॅडम,” ते घाईनं म्हणाले. “त्यो तिथलाच हाय.”

मी हात मागं घेतला आणि पुढच्या पेशंटकडं वळले.

त्या डोंगराची खरी गोष्ट मला कळली ती एका म्हाताऱ्या बाईंमुळं. खांदा आखडला म्हणून त्या यायच्या. मुलाकडं कोल्हापूरला राहायला आलेल्या, मूळच्या शाहूवाडीकडच्या. एका दुपारी त्या दोरी ओढत भिंतीसमोर बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत हे गुडघ्याला शेक घेत होते. मी पडद्यामागं एका पेशंटची मान बघत होते.

“पावणं,” म्हातारी म्हणाली, “ह्यो आमच्याकडला डोंगर हितं कुनी काढला म्हनायचा?”

“मीच काढलाय, मावशी. वळकला व्हय?”

“न वळकायला काय झालं? माज्या म्हायेराच्या दारातनं ह्योच दिसतोय की. ह्यी वरली वाडी, ह्यो वढा, ह्यो फाट्यावरला वड. तू कुनाचा रं?”

त्यांनी घराण्याचं नाव सांगितलं. दोरीच्या कप्पीचा आवाज थांबला.

“म्हंजी भादव्यात बाळंतपणात गेली ती...”

“माजी आक्का.”

माझ्या हाताखालच्या पेशंटनं “आई गं” म्हटलं. मी मान जोरात दाबली होती.

मग जे त्यांनी मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, ते त्या बाईंना सांगितलं. नेहमीचा मोठा आवाज नव्हता, हातवारे नव्हते. पाटीचा मजकूर वाचून दाखवावा तसं एकेक वाक्य.

ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच पोटात दुखायला लागलं आणि रक्त जायला लागलं. वाडीला रस्ता नव्हता. खाली फाट्यावर रोज सकाळी दूध न्यायला एक गाडी यायची, तेवढंच वाहन.

“रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या आन आई म्हणाली, पळ. दूधगाडी थांबीव, आमी डोलीत घालून आणतो. गाडी पावणेआठला सुटायची. चिकूल हुता, धुकं हुतं. वढ्यापाशी आलो आन पोटात कळ आली. मावशी, मी बसलो.”

“मग काय झालं? दम लागल्यावर मानूस बसनारच की.”

“किती येळ बसलो ठावं न्हाय. उठून पळालो. फाट्यावर आलो तवर गाडी वळणावर गेलती. मागचा लाल दिवा दिसला. आरडलो, पर कोन ऐकतंय? मग खालच्या गावातनं नर्सबाईला घिऊन चालत वर आलो. तवर सगळं झालतं.”

म्हातारीनं दोरी मांडीवर सोडली.

“तवापास्नं उतरतोय,” ते म्हणाले. “दर वर्षी गावाकडं जायचं आन घड्याळ लावून उतरायचं. पंचेचाळीस मिंटात फाटा. सत्तेचाळीसच्या खाली एकदाबी आलो न्हाय.”

“आरं, मग नव्हतंच ते हुण्यासारखं! न बसताबी झालं नसतं. तुजा काय दोष?”

“तसं न्हाय, मावशी. त्या दिशी वर आक्का हुती. आता नुसता डोंगर हाय. तसं पळणं परत कसं हुईल?”

पडद्याच्या अलीकडं मी उभी होते. ‘कोण वाट बघत बसलंय तिथं तुमची?’ हे मी या माणसाला विचारलं होतं. हसत.

शेकाच्या मशिनची वेळ संपून शिट्टी वाजली. मी पडदा सारून गेले, त्यांच्या गुडघ्यावरचा शेक काढला आणि विचारलं, “बरं वाटतंय?”

“व्हय की,” ते म्हणाले.

म्हातारी डोळ्यांना पदर लावून परत दोरी ओढायला लागली होती. मी ऐकलंय हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. मी ठरवलं, पुढच्या गुरुवारी निवांत बोलायचं. त्यांना सांगायचं, की चला, मी येते तुमच्याबरोबर. गुडघ्याला पट्टा बांधू, दोन काठ्या घेऊ आणि एकदा तो डोंगर हळूहळू उतरू. पळायचं असेल तर शेवटचा टप्पा पळा. काय व्हायचं ते गुडघ्याचं होऊ दे.

गुरुवारी ते आले. क्लिनिकमध्ये गर्दी होती. त्याच्या पुढच्या गुरुवारीही होती. खरं तर गर्दीचं नुसतं निमित्त. माफी मागायची तर मी चोरून ऐकलं हे कबूल करावं लागणार होतं, आणि डॉक्टर म्हणून जे ठामपणे सांगितलं ते आपणच मोडायचं, हेही मला जड जात होतं. मी म्हणत राहिले, पावसाळा संपू दे, वाटा सुकू देत, मग विषय काढू.

त्या हिवाळ्यात एका शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिता लिहिता ते चहा प्यायला खाली बसले आणि बसल्या जागी गेले. हृदयविकाराचा झटका. गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी जपून ठेवलेला तो गुडघा तसाच शाबूत गेला.

पंधरा-वीस दिवसांनी चाळिशीकडं झुकलेली एक बाई क्लिनिकमध्ये आली. हातात पिशवी, पिशवीत मी त्यांना वापरायला दिलेला गुडघ्याचा पट्टा. धुऊन, घडी करून आणलेला.

“मामांच्या खोलीत सापडला. त्यावर तुमच्या क्लिनिकचं नाव होतं,” ती म्हणाली. “मी त्यांची भाची. त्यांनीच वाढवलं मला.”

त्यांना भाची आहे, त्यांनी लग्न केलं नव्हतं, आईला आणि भाचीला घेऊन ते कोल्हापूरला आले ते तिच्या शाळेसाठी, हे सगळं मला तिच्याकडून त्या दिवशी समजलं. बोलता बोलता ती व्यायामाच्या खोलीच्या दारापाशी आली आणि थांबली.

“हे मामांनी काढलं?”

“हो.”

“मामा तर फक्त अक्षरं काढायचे.” ती चित्राजवळ गेली. वाटेवरून बोट फिरवत खाली आली आणि लाल ठिपक्यापाशी थांबली.

मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं, अडखळत, जेवढं ऐकलं होतं तेवढं. ती वळली नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, “माहीत आहे मला. आजीनं जायच्या आधी सांगितलं होतं. तुम्हाला आणखी एक सांगू? मामा घरातनं निघाले आणि दहा मिनिटांत मी झाले. मी झाले आणि आई गेली. मामा तेव्हा ओढ्यापर्यंतसुद्धा पोचले नसतील.”

मी खाली बसले.

“मग आजींनी त्यांना का नाही सांगितलं?”

“आजी म्हणायची, त्येला सांगू नगंस. एवढा जीव तोडून पळाला, ते फुकट गेलं असं वाटंल त्येला.” ती आता माझ्याकडं वळली. “आणि फुकट कुठं गेलं हो? मी एवढीशी होते, अंग गार पडत चाललं होतं, दूध ओढत नव्हते. मामांनी आणलेल्या नर्सबाई दोन दिवस वाडीवर राहिल्या. मला छातीशी धरून बसल्या, चमच्यानं दूध पाजलं. मामा त्या दिवशी पळाले नसते, तर मी नसते.”

“हे तुम्ही त्यांना...” मी म्हणाले. वाक्य पुरं करायचा मला हक्क नव्हता.

“कसं सांगणार? त्यांना वाटायचं, मला काहीच माहीत नाही. गावाकडचा डोंगर उतरून घरी यायचे, आंघोळ करायचे, हसत जेवायला बसायचे. मीही हसायची. वाटायचं, कशाला उकरून काढा? सांगू पुढं कधीतरी.”

आम्ही दोघी त्या डोंगरासमोर बसून राहिलो. बाहेर कुणीतरी दोनदा बेल वाजवली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, “हे मी घेऊन जाऊ का?”

आम्ही मिळून फळी भिंतीवरून उतरवली. इतके दिवस भिंतीकडं असलेली तिची मागची बाजू तेव्हा पहिल्यांदा दिसली. कुठल्यातरी जुन्या दुकानाची पाटी होती ती. लाल, टपोरी, अगदी एका ओळीत उभी असलेली अक्षरं: ‘येथे वाहने लावू नयेत.’

खाली तिचे यजमान स्कूटर घेऊन थांबले होते. ती मागं एका बाजूला बसली; वाऱ्यानं फळी हलायला लागली, तशी तिनं ती उलटी करून, डोंगर स्वतःकडं घेऊन, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. स्कूटर निघाली. कोपऱ्यावरच्या गर्दीत एका रिक्षावाल्यानं ती पाटी वाचली आणि हसून रस्ता दिला. मी पायरीवर उभी राहून बघत होते. वळण येईपर्यंत ती लाल अक्षरं स्पष्ट वाचता येत होती.